गर्जना आधी, गोल नंतर: स्टेडियममधल्या स्क्रीनचं जाळं

मैदानात गोल होतो. स्टँडमागच्या मार्गिकेत रांगेत उभ्या असलेल्या प्रेक्षकाला गर्जना ऐकू येते आणि तो मान वर करून स्क्रीनकडे बघतो, तर तिथे चेंडू अजून मध्यरेषेवरच! आवाजाला १०० मीटर कापायला साधारण ०.३ सेकंद लागतात. चित्र त्याहून मागे पडलं, की प्रेक्षकाच्या लेखी ती स्क्रीन शिळी झाली. मोठ्या स्टेडियममध्ये शेकडो स्क्रीन बसवताना खरी कसोटी लागते ती इथे. पॅनेल भिंतीवर चढवणं हा त्यातला सोपा भाग.

हा उशीर एकाच जागी होत नाही. एन्कोडर चित्र दाबून लहान करताना पुढच्या काही फ्रेमची वाट पाहतो, डीकोडर थोडा साठा करून मगच दाखवायला सुरुवात करतो आणि स्क्रीनही हालचाल गुळगुळीत करण्यासाठी दोन-चार फ्रेम अडवून ठेवते. ही शेवटची सोय प्रत्येक स्क्रीनच्या मेन्यूत जाऊन बंद करावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. इंटरनेटवरच्या नेहमीच्या स्ट्रीमिंग पद्धतीत व्हिडिओचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करतात आणि प्लेअर तीन तुकडे मागे राहून चालतो, म्हणजे १८ सेकंद गेलेच. म्हणून थेट सामन्यासाठी स्टेडियमच्या आतल्या जाळ्यावर मल्टिकास्ट, म्हणजे एकच प्रवाह एकाच वेळी अनेक स्क्रीनना पोचवण्याची पद्धत, वापरतात. नीट जुळवलं तर उशीर सेकंदाच्या आत आणता येतो.

मल्टिकास्टचं दुसरं कारण साध्या गुणाकाराचं आहे. एका एचडी चॅनेलला सेकंदाला ८ मेगाबिट धरले आणि ६०० स्क्रीनना स्वतंत्र प्रती पाठवल्या, तर सर्व्हरमधून ४.८ गिगाबिट बाहेर पडायला हवेत. मल्टिकास्टमध्ये प्रत्येक तारेवरून एकच प्रत जाते आणि जिथे फाटा फुटतो तिथे स्विच (जाळ्याच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) तिच्या नकला काढतो. कोणत्या पोर्टला, म्हणजे तार खोचायच्या जागेला, कोणतं चॅनेल हवं आहे, हे स्विचला स्क्रीनकडून येणाऱ्या आयजीएमपी नावाच्या मागणी-संदेशांवरून कळतं. ते संदेश वाचण्याची सोय, म्हणजे स्नूपिंग, बंद असेल तर स्विच प्रत्येक चॅनेल प्रत्येक पोर्टवर ओतत राहतो आणि त्याच स्विचवरची तिकीट तपासणीची यंत्रंही त्या पुरात गुदमरतात.

स्नूपिंग चालू केलं आणि ‘क्वेरिअर’ नेमायचा राहिला, तर होणारा घोटाळा चांगल्या जाणकारांनाही चकवतो. स्क्रीन लावली, चित्र आलं, तंत्रज्ञ समाधानानं पुढच्या स्क्रीनकडे गेला. सुमारे चार मिनिटांनी मागची स्क्रीन काळी. ‘हे चॅनेल अजून कुणाला हवंय का?’ असा प्रश्न क्वेरिअर दर १२५ सेकंदांनी विचारतो. विचारणाराच नसेल तर उत्तरही येत नाही. असे दोन फेरे आणि उत्तरासाठीचे १० सेकंद मिळून २६० सेकंद झाले, की स्विच त्या पोर्टचं नाव यादीतून काढून टाकतो. म्हणून प्रत्येक स्क्रीनची चाचणी किमान दहा मिनिटांची हवी. शिवाय एकाहून जास्त क्वेरिअर असतील तर सगळ्यात लहान आयपी पत्ता असलेला निवडला जातो. तो मान कोपऱ्यातल्या एखाद्या छोट्या स्विचला मिळाला, तर सगळी चॅनेल त्याच्या बारीक वाटेकडे धावतात. मधल्या मुख्य स्विचलाच सगळ्यात लहान पत्ता द्यावा.

वाय-फायच्या भरवशावर मात्र हे काम सोडू नये. रिकाम्या स्टेडियममध्ये ते छान चालतं. सामन्याच्या दिवशी हजारो फोन तीच हवा वाटून घेतात.

तांब्याच्या इथरनेट तारेची मर्यादा १०० मीटर. त्यातले ९० भिंतीत बसवलेल्या तारेचे, उरलेले १० दोन्ही टोकांच्या जोडतारांचे. स्टेडियमचा घेर त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे ठिकठिकाणी स्विचच्या छोट्या खोल्या लागतात आणि त्यांच्यापर्यंत सिंगल-मोड फायबर, म्हणजे लांब पल्ल्याची काचेची प्रकाशतार. प्रत्येक खोलीत फायबर दोन वेगळ्या बाजूंनी आणावं, नाहीतर एका ठिकाणी तार तुटली की अख्खा स्टँड आंधळा होतो.

विजेचं गणित फसवं असतं. १५० वॉटच्या १२ स्क्रीन म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ८ अँपिअर, १६ अँपिअरच्या एमसीबीला (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्याला) आरामात पेलणारा भार. तरीही वीज जाऊन परत आली की तो एमसीबी पडतो. सगळ्या स्क्रीनमधले कपॅसिटर एकाच क्षणी भरून घेतात, आणि काही मिलिसेकंदांपुरता प्रत्येक स्क्रीनचा प्रवाह कित्येक पट होतो. ‘सी’ प्रकारचा एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या ५ ते १० पट प्रवाहाला तत्काळ तुटतो. उपाय म्हणजे एका सर्किटवर कमी स्क्रीन ठेवायच्या आणि टप्प्याटप्प्यानं वीज देणारे रिले बसवायचे.

भोकं पाडण्याआधी काँक्रीट स्कॅन करून घ्यावं. स्टँडच्या तुळयांमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असू शकतात, आणि त्यातली एक जरी कापली गेली तरी प्रश्न इमारतीच्या मजबुतीचा होतो. गर्दी तालात उड्या मारते तेव्हा साधे नट सैल होत जातात. नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत आणि प्रत्येक स्क्रीनला वेगळ्या अँकरवरून सुरक्षा-तार बांधावी.

आग लागल्यास बाहेर पडण्याची सूचना दाखवणं हे या स्क्रीनचं सगळ्यात मोलाचं काम. ती सूचना स्क्रीनला चित्र पुरवणाऱ्या प्रत्येक मीडिया प्लेअरच्या स्वतःच्या मेमरीत असायला हवी, सर्व्हरवर नव्हे. दरवाजे उघडण्याआधी मुख्य स्विचची तार काढून अग्निसूचक यंत्रणेचा संकेत द्यावा आणि किती स्क्रीनवर बाण दिसतो, ते मार्गिकेतून चालत जाऊन मोजावं.