अनुशेष नावाचा हिशेब: मराठवाड्यातला सरकारी पैसा कसा वाढला, कसा मोजला गेला

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या बांधकाम उपविभागात डोकवा. रात्री नऊलाही दिवे चालू असतात. टेबलावर मोजमाप पुस्तिका उघड्या पडलेल्या, कनिष्ठ अभियंता फोनवर कोषागाराशी हुज्जत घालतोय आणि बाहेरच्या बाकड्यावर दोन गुत्तेदार तिसरा चहा संपवताहेत. सगळ्यांच्या तोंडी एकच काळजी असते: एकतीसच्या आत बिल निघालं नाही तर पैसा वापस जाईल.

हा पैसा आपल्या हक्काचा आहे, तो पुरेसा आला नाही आणि जो आला तोही खर्चला गेला नाही, ही भावना मराठवाड्यात फार जुनी आहे. तिचं नाव अनुशेष. इतर ठिकाणी सरकारी खर्च वाढला की तो परवडणार का, कर किती वाढणार, कर्ज किती, असं विचारतात. इथे विचारतात, अनुशेष किती भरला? सरकारी खर्चाकडे थकबाकी म्हणून पाहायची ही सवय कुठून लागली, याची ही पार्श्वभूमी.

निजामाच्या काळाबद्दल थोडक्यात. हैदराबाद संस्थान गरीब नव्हतं. स्वतःचं नाणं, स्वतःची रेल्वे आणि शिल्लकी अंदाजपत्रकं हा त्याच्या अभिमानाचा विषय होता. पण महसुलाचा एक भाग सर्फ-ए-खासमध्ये, म्हणजे थेट निजामाच्या खासगीत जायचा, काही जहागीरदारांकडे राहायचा आणि उरलेल्या दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाच्या मुलखातल्या खर्चाचं तोंड हैदराबाद शहराकडे असायचं. १९३१ साली पुरं झालेलं निजामसागर धरण तेलंगणात. मराठवाड्यातल्या पाच जिल्ह्यांच्या वाट्याला त्या तोडीचं एकही धरण आलं नाही. तिजोरी शिल्लकीत आणि मुलूख कोरडा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं कळायला पुरे.

मराठी मुलखांनी एका राज्यात यायचं ठरवणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारात खर्चाचा मुद्दा स्पष्ट लिहिला गेला. विभागांवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष द्यावं, असं ठरलं. १९५६ मध्ये राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद झाली. करार झाला, कलम झालं आणि मंडळं आली १९९४ मध्ये. मधल्या अडतीस वर्षांतली बरीचशी वर्षं पैसा कुठल्या विभागात किती गेला याचा हिशेब कुणी नीट मांडला नाही. १९६५ मध्ये पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरण राष्ट्राला अर्पण झालं, ही या काळातली मोठी जमेची बाजू. तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

सरकारी पैसा गावात दिसायला लागला तो मात्र बहात्तरच्या दुष्काळात. त्याआधी सरकार म्हणजे तलाठी, फौजदार आणि फार तर तगाई, म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज. बहात्तरला सरकार एकदम मालक झालं. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग यांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख लोक होते. हजेरीपटावर अंगठा, मुकादमाची शिट्टी, दुपारी सुकडी. बाईच्या हातात तिच्या नावाची मजुरी पडली ती बऱ्याच घरांत तेव्हाच पहिल्यांदा. आमच्या भागात म्हाताऱ्या अजूनही एखाद्या रस्त्याला ‘बहात्तरचा रस्ता’ म्हणतात. त्यावर नंतर चारदा डांबर पडलं तरी नाव बदललं नाही.

या तात्पुरत्या कामांतून कायमचा खर्च उभा राहिला. रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराकडून कर घ्यायचा, राज्याने त्यात तेवढीच भर घालायची आणि खेड्यात काम द्यायचं, अशी ती रचना. हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देणं सरकारला कायद्याने बांधील झालं. देशपातळीवरचा तसा कायदा यायला २००५ उजाडलं. सरकारी खर्च वाढण्याची जी एक पायरी महाराष्ट्राने देशाच्या आधी चढली, ती मराठवाडा आणि आसपासच्या दुष्काळी पट्ट्याच्या खडीवरून चढली, हे मुंबईत लिहिलेल्या इतिहासांत क्वचित येतं.

याच दशकात विद्यार्थ्यांचं विकास आंदोलन पेटलं आणि मागणीची भाषा बदलली. ‘मदत द्या’ मागे पडून ‘आमचं राहिलेलं द्या’ सुरू झालं. मग राहिलेलं म्हणजे नक्की किती, हा प्रश्न आलाच. तो सोडवायला १९८३ मध्ये एक सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. या अहवालाशी थोडं थांबावं लागेल, कारण आजही मराठवाड्यातला प्रत्येक वाद त्याच्याच रकान्यांत अडकलेला आहे.

समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जिल्हा सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. तो भरायला येईल तो खर्च म्हणजे रुपयांतला अनुशेष. बेरीज आली ३,१८६ कोटी ७८ लाख. त्यात विदर्भ सुमारे १,२४६ कोटी, उर्वरित महाराष्ट्र सुमारे १,१८९ कोटी आणि मराठवाडा सुमारे ७५१ कोटी.

आकडे आले आणि मराठवाड्यात लोक चक्रावले. ज्यांनी आंदोलन केलं त्यांचा वाटा चोवीस टक्क्यांच्याही खाली आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या उर्वरित महाराष्ट्राचा सदतीस! गोम होती एककात. हिशेब विभागाचा न करता जिल्ह्याचा केला होता. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य धरायचा. त्याची वरकड शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा करायची नाही. त्यामुळे उर्वरित महाराष्ट्रातल्या पुढारलेल्या जिल्ह्यांची शिल्लक हिशेबाबाहेर राहिली आणि त्याच विभागातल्या मागास जिल्ह्यांची तूट तेवढी मोजली गेली. समितीची बाजूही पोकळ नव्हती. कोकणातल्या माणसाला पश्चिम महाराष्ट्रातल्या कालव्याचं पाणी मिळत नाही, मग त्याची तूट का मिटवायची? तर्क बरोबर आहे. पण करार विभागांशी झाला होता, कलमात नावं विभागांची होती आणि हिशेब झाला जिल्ह्यांचा. भावाभावांच्या वाटणीत ऐनवेळी नातवंडं मोजायला घ्यावीत, तसं हे झालं.

दुसरा घोळ सिंचनाचा आणि तो जास्त महागात पडला. अनुशेषातली सर्वांत मोठी बाब तीच. पिकं वेगवेगळी, पाण्याच्या पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून सगळं क्षेत्र रब्बी समतुल्य हेक्टरमध्ये, म्हणजे तेवढं पाणी रब्बी पिकाच्या किती हेक्टरला पुरेल त्यात, बदलून घेतलं. इथपर्यंत ठीक. पण मोजली गेली ती निर्माण केलेली सिंचनक्षमता. शेतात पाणी पोचलं का, हा रकानाच नव्हता. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर आणि दोन्ही मिळून क्षमता सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर. वर नाशिक-नगरकडे धरणं वाढत गेली, नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरायची वर्षं विरळ झाली, कालव्याच्या शेवटाकडचा शेतकरी विहीर खणून मोकळा झाला. कागदावर मात्र हे हेक्टर भिजलेलेच राहिले. कोरड्या वितरिकेकडे, म्हणजे पोटकालव्याकडे, बोट दाखवून अनुशेष भरला म्हणता येतं, ही या मोजणीची देणगी.

त्यात हा शब्दही दुटप्पी. नोकऱ्यांतल्या राखीव रिक्त जागांनाही अनुशेषच म्हणतात. ‘अनुशेष भरा’ अशी घोषणा ऐकली की मोर्चा कालव्यासाठी आहे की भरतीसाठी, हे फलक वाचल्याशिवाय कळत नाही. शिवाय भौतिक अनुशेष आणि आर्थिक अनुशेष असे दोन पोटभेद पडले. भौतिक म्हणजे हेक्टर, किलोमीटर, खाटा. आर्थिक म्हणजे त्यासाठी एका ठरावीक वर्षाच्या दराने काढलेले रुपये. सिमेंट-लोखंडाचे भाव थांबत नाहीत, पण आर्थिक अनुशेष त्या वर्षाला खिळलेला. तेवढे रुपये दिले की वहीत बाकी शून्य. ठरलेले हेक्टर झाले की नाहीत, हा वेगळा विषय.

१९८४ च्या अहवालावर सरकारी शिक्का धड बसला नाही, पण १९८५ नंतरच्या तरतुदी त्याच्याच आकड्यांना टेकून होत राहिल्या. १ मे १९९४ पासून वैधानिक विकास मंडळं आली आणि वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे गेली. पुढच्या समितीने १९९४ ची स्थिती धरून नवा हिशेब केला तेव्हा एकूण अनुशेष १४ हजार कोटींच्या घरात निघाला, मराठवाड्याचा ४ हजार कोटींच्या आसपास आणि एकूणातला निम्म्याहून अधिक सिंचनाचा. पैसे देऊनही बाकी वाढली. थोडी महागाईने, थोडी सरासरीच वर सरकल्यामुळे. २०१३ च्या अहवालाने अनुशेष हा शब्द मागे टाकून समतोल विकासाची भाषा आणली आणि पाण्यासाठी तालुका हे एकक धरलं. इथे तिचं स्वागत झालं नाही. थकबाकी सोडून समतोल घ्या, हे सावकाराने सांगावं तसं लोकांना वाटलं. मलाही ते पूर्ण चुकीचं वाटत नाही.

सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हा शब्द इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बीड आणि धाराशिवसाठीच्या कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाची किंमत २००७ मध्ये सुमारे २,३८२ कोटी होती. २०२२ मध्ये ती ११,७२६ कोटींवर गेली. राज्याच्या अंदाजपत्रकात असा आकडा वाढलेला खर्च म्हणून दिसतो आणि सभेत तो मराठवाड्याला दिलेला निधी म्हणून ऐकू येतो. पॅकेजांचंही तेच. २०१६ च्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे ४९ हजार कोटी, २०२३ च्या बैठकीत ४५ हजार कोटी आणि सिंचनाचे आणखी १४ हजार. यात जुनी चालू कामं किती, नवी किती, हे वेगळं काढून पाहायला जे बसले त्यांना पुढच्या पॅकेजपर्यंत सवड मिळाली नाही. पहिलं पॅकेज जाहीर झालं त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं.

फारसा कुणाच्या लक्षात न आलेला एक बदल २०१७-१८ चा. अंदाजपत्रकातला योजनांतर्गत (विकास योजनांचा) आणि योजनेतर (बाकीचा) खर्च हा भेद त्या वर्षीपासून गेला. अनुशेषाचं सगळं गणित योजनेच्या पैशावर उभं होतं. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, देखभाल त्यात कधीच नव्हतं. राज्याचा खर्च खरा फुगला तो याच दुसऱ्या बाजूने. म्हणजे तिजोरीचा लहान होत जाणारा तुकडा आपण तीस वर्षं काटेकोर वाटत बसलो आणि शेवटी तो तुकडा वेगळा ओळखायची खूणच पुसली गेली.

३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा निर्णय घेऊन चेंडू दिल्लीकडे टोलवला. २०२५-२६ चं राज्याचं अंदाजपत्रक ७ लाख कोटींवर आणि कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींवर गेला. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेतल्या पात्र बहिणींच्या खात्यात महिना १,५०० रुपये सुरू झाले. योजना जाहीर करताना वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च धरला होता. १९९४ च्या दराने काढलेल्या साऱ्या राज्याच्या अनुशेषाच्या तिपटीहून जास्त. दर वेगळे, काळ वेगळा, तुलना सरळ नाही हे मान्य. पण पैसे आल्याच्या दिवशी तालुक्याच्या बँकेपुढची रांग पाहिली की बहात्तरचा हजेरीपट आठवतो. तेव्हा अंगठा कामावर उठवायचा होता, आता केवायसीसाठी. आणि या खर्चाच्या तक्त्यात विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र असे रकाने नाहीत.