प्रोसेसर कूलरची निवड

प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता शोषून ती हवेत सोडणाऱ्या उपकरणास प्रोसेसर कूलर म्हणतात. सुटे भाग घेऊन प्रथमच घरी संगणक जोडणाऱ्यास तो प्रोसेसरचा प्रत्यक्ष वीजवापर, मदरबोर्डवरील सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची खाच) आणि कॅबिनेटमधील मोकळी जागा पाहून निवडावा लागतो. प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता पुरेशा वेगाने बाहेर पडली नाही, तर ठरावीक तापमानाला पोचल्यावर प्रोसेसर आपला वेग आपोआप घटवतो. एएमडी कंपनीच्या रायझेन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांसाठी ही मर्यादा ९५° से. आहे, तर इंटेलच्या बाराव्या पिढीतील कोअर प्रोसेसरांसाठी ती १००° से. आहे. त्यामुळे अपुऱ्या कूलरचा पहिला परिणाम प्रोसेसर जळण्यात नव्हे, तर काम मंदावण्यात आणि पंख्याचा आवाज वाढण्यात दिसतो.

खोक्यावर छापलेला टीडीपीचा, म्हणजे कूलरने हटवावयाच्या उष्णतेचा निर्मात्याने ठरवलेला वॉटमधील आकडा निवडीचा आरंभ म्हणून उपयोगी असला, तरी तो प्रोसेसरचा कमाल वीजवापर दाखवीत नाही. रायझेन ९ ७९५०एक्सचा टीडीपी १७० वॉट असून सॉकेटमार्फत तो २३० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. इंटेलने बाराव्या पिढीपासून मूळ आणि कमाल वीजवापराचे दोन आकडे स्वतंत्रपणे द्यावयास सुरुवात केली. कोअर आय९-१२९००केसाठी ते १२५ व २४१ वॉट आहेत, आणि कूलर निवडताना यांतील दुसरा विचारात घेणे इष्ट ठरते. मात्र एवढा वीजवापर चित्रफीत प्रक्रिया किंवा त्रिमितीय चित्रणासारख्या, सर्व गाभे (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रे) दीर्घकाळ राबवणाऱ्या कामांतच होतो. खेळांमध्ये तो बहुधा बराच कमी असतो, त्यामुळे केवळ खेळांसाठी संगणक जोडणारा नवखा मनुष्य गरजेपेक्षा मोठा कूलर घेण्याची शक्यता अधिक असते. शिवाय रायझेनमधील गाभ्यांची चिप आकाराने फार लहान असल्याने तिची उष्णता अगदी थोड्या जागेतून बाहेर पडते. म्हणून मोठ्या कूलरखालीही तिचे तापमान चढलेले दिसू शकते आणि त्यावरून कूलरला दोष देणे योग्य नव्हे.

काही प्रोसेसरांसोबत कूलर मिळतो. ६५ वॉट टीडीपीच्या रायझेन ५ ७६००सोबत येणारा रेथ स्टेल्थ त्या प्रोसेसरला पुरतो, पण पूर्ण भाराखाली त्याचा आवाज जाणवतो. रायझेन ५ ७६००एक्स आणि इंटेलचे ‘के’ अक्षराचे प्रोसेसर कूलरविना विकले जातात.

सर्वसाधारण संगणकासाठी १२० मिमी. पंख्याचा एका मनोऱ्याचा (धातूच्या पातळ पट्ट्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला) वायुकूलर हीच प्रस्तुत लेखकाच्या मते समंजस निवड होय. त्याच्या तांब्याच्या उष्णतावाहक नळ्यांतील द्रव प्रोसेसरजवळ वाफ होऊन पट्ट्यांकडे जातो, तेथे थंड होऊन परततो. यात बिघडण्याजोगा हलता भाग एकटा पंखा असून तो सहज बदलता येतो. अशा कूलरची उंची बहुधा १५० ते १६० मिमी. असते. नॉक्टुआच्या दोन मनोऱ्यांच्या एनएच-डी१५ची ती १६५ मिमी. आहे, तर त्याच कंपनीचा बसका एनएच-एल९आय केवळ ३७ मिमी. उंच आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. उंच रॅमपट्ट्यांवरून जाण्यासाठी पुढचा पंखा वर सरकवला की कूलरची एकूण उंचीही वाढते, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते.

द्रवकूलरात पंप प्रोसेसरवरील उष्णता द्रवामार्फत रेडिएटरकडे, म्हणजे द्रव थंड करणाऱ्या पंखे लावलेल्या जाळीकडे नेतो. सर्वाधिक वीज घेणाऱ्या प्रोसेसरांना किंवा उंच मनोरा न मावणाऱ्या कॅबिनेटांना २४० अथवा ३६० मिमी. रेडिएटरचा असा कूलर सोयीचा पडतो, पण पंप बंद पडण्याचा आणि वर्षानुवर्षे नळ्यांतून द्रव हळूहळू कमी होण्याचा धोका त्यासोबत येतो. १२० मिमी. रेडिएटरचा कूलर घेण्यापेक्षा चांगला वायुकूलर बहुधा श्रेयस्कर. बसवताना पंप संपूर्ण रचनेत सर्वांत उंच जागी येऊ देऊ नये, कारण आतील हवा तेथे साचते.

जुना कूलर वापरायचा असल्यास सॉकेटची खात्री करावी लागते. एएमडीच्या एएम४ सॉकेटसाठीचे बहुतेक कूलर त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवर बसतात. मात्र मदरबोर्डची मूळ मागची पट्टी काढून स्वतःची पट्टी लावणारे कूलर त्याला अपवाद आहेत. इंटेलच्या एलजीए१२०० सॉकेटभोवतीच्या छिद्रांमधील अंतर ७५ मिमी. होते, ते २०२१मध्ये आलेल्या एलजीए१७००मध्ये ७८ मिमी. झाले, त्यामुळे जुन्या कूलरांसाठी निर्मात्याकडून वेगळा जोडसंच घ्यावा लागतो. नव्या कूलरच्या तळाला उष्णतावाहक पेस्ट (प्रोसेसर व कूलर यांमधील बारीक फटी भरणारा लेप) आधीच लावलेली आहे की सोबत वेगळी दिली आहे, हेही खरेदीपूर्वी पाहावे.