वाळूला पुरून उरणारं रबर

बडोद्यात शिडाची बोट शोधून सापडणार नाही. पण अशा बोटीच्या इंजिनावर चालणाऱ्या पंख्याचा शाफ्ट (दांडा) ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्या जातीचा माल इथे गल्लोगल्ली आहे. सोसायटीच्या बोअरमधला सबमर्सिबल पंप घ्या. त्याची मोटर पाणी भरायच्या प्रकारातली असेल, तर खाली सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरावं लागतं, कारण आतल्या बेअरिंगांना वंगण म्हणून तेवढंच मिळणार असतं. मोटर कोरडी सोडली की काय होतं, हे कुठलाही रिवाइंडिंगवाला न विचारता सांगेल.

तेल नाही, ग्रीस नाही, नुसतं पाणी. हे चालतं कसं?

पाणी इंजिन ऑइलपेक्षा शंभरपट तरी पातळ. वंगणाला घट्टपणा लागतो, असं आपण धरून चालतो. १८८३ साली ब्युशॅम्प टॉवर या इंग्रज अभियंत्याला वेगळंच काही दिसलं. तो रेल्वेच्या आसांसारखी बेअरिंगं तपासत होता. बेअरिंगच्या माथ्याला तेल घालायचं भोक होतं. चाचणी सुरू झाली की त्यातून तेल उलटं वर यायचं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर सरकली. म्हणजे फिरता शाफ्ट स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत पाचरेसारखं ओढून प्रचंड दाब तयार करत होता आणि त्या दाबावर तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. भर पावसात अहमदाबाद एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना टायर रस्ता सोडतं, ते याच कारणाने. तिथे जीवघेणी ठरणारी पाचर शाफ्टखाली हवीहवीशी असते. वेग पुरेसा असला आणि भार थोडा असला, की पाण्याचीही पाचर पुरते.

बोटींना याची गरज फार आधी भासली. पंख्याच्या आगबोटी आल्या तेव्हा शाफ्ट पितळेच्या बेअरिंगमध्ये बसवत, आणि समुद्राच्या पाण्यात ती बघता बघता झिजत. १८५४ मध्ये जॉन पेनने पितळेऐवजी लिग्नम व्हायटी या लाकडाच्या पट्ट्या बसवून त्यांच्या फटींतून समुद्राचंच पाणी खेळवलं. कॅरिबियन भागातलं हे लाकूड इतकं जड, की पाण्यात बुडतं, आणि अंगचीच राळ असल्यामुळे गुळगुळीत राहतं. जहाजांनी ते अनेक दशकं वापरलं.

रबरी बेअरिंगची कल्पना आली ती खाणीतून. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स शेरवूड या खाण अभियंत्याच्या पंपांची बेअरिंगं गढूळ पाण्यातल्या रेतीने सतत खराब होत. निकड म्हणून त्याने तिथे रबरी नळीचा तुकडा बसवला, आणि तो धातूपेक्षा जास्त टिकला. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत आवडते, कारण ती आपल्या अंदाजाच्या उलट जाते. कठीण धातूंच्या मध्ये वाळूचा कण अडकला की तो दोघांनाही ओरबाडतो. रबर मात्र कणाला दबून जागा देतं, कण गडगडत पुढच्या खाचेत पडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणूनच पितळी नळीत रबराचं अस्तर असलेल्या या बेअरिंगच्या आत लांबीभर खाचा असतात. पाणी आत येण्याची आणि गाळ बाहेर जाण्याची वाट तीच.

सोय मोठी, पण अट एकच: पाणी थांबता कामा नये. कोरड्या पोलादावर रबर घसरत नाही, चिकटतं आणि सुटतं, पुन्हा चिकटतं. त्यातून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि थोड्याच वेळात रबर जळतं. अगदी मंद वेगातही पाचर नीट तयार होत नाही, तेव्हाही कुरकुर ऐकू येते.

झिजलेलं बेअरिंग ओळखायला बोट पाण्याबाहेर काढतात आणि शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघतात. नव्यात जेमतेम जाणवेल इतका प्ले, म्हणजे सैलपणा, असतो. पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टला तो दीड मिलिमीटरच्या आसपास गेला, की बदलायची वेळ झाली, असा ढोबळ हिशोब आहे. बसवलेलं बेअरिंग उपसायचं तर शाफ्ट मागे ओढावा लागतो. तिथे बहुतेकदा सुकाणू आडवं येतं आणि शाफ्टला इंजिनाशी जोडणारं गंजलेलं कपलिंग हट्टाला पेटतं. शाफ्ट जागेवर ठेवून काम करायचे पुलर मिळतात. ते नसतील, तर शाफ्ट काढून हॅकसॉचं पातं आत घालायचं आणि पितळी नळी लांबीत कापायची. बेअरिंग ज्यात बसतं त्या ब्रॅकेटला पातं लागू द्यायचं नाही. नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं की किंचित आकसतं आणि दाबून बसतं. हातोडा मारून नळी वाकवली, तर रबर शाफ्टला आवळतं. बेअरिंग पकडून ठेवणारा स्क्रू जास्त पिळला तरी तेच. शाफ्ट आत सरकवताना साबणाचं पाणी लावावं. काही रबरं तेलाने फुगतात, म्हणून तेल नको.

पण बेअरिंग बदलणं हे अर्धंच काम. जुन्याची झीज कुठे आहे ते फेकायच्या आधी बघावं. तळाला सारखी झीज असेल तर ते नुसतं वय. पुढच्या टोकाला वर आणि मागच्या टोकाला खाली घासलं असेल, तर शाफ्ट तिरका फिरतोय. शाफ्टवर नख अडेल असा खड्डा असेल, तर नवं बेअरिंगही लवकर जाईल.

तिरकेपणा इंजिनाकडून दुरुस्त करतात. कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंना मोजायची आणि इंजिनाचे पाय वर-खाली करून सारखी आणायची. शंभर मिलिमीटरच्या चकतीला ०.१ मिलिमीटरचा फरक चालतो. हे माप यार्डात उभ्या बोटीवर अंतिम धरत नाहीत. बोट ठोकळ्यांवर ठेवलेली असताना तिचा सांगाडा वेगळा वाकतो आणि पाण्यात वेगळा, म्हणून ती परत पाण्यात उतरवून, एखाद-दोन दिवस तरंगू देऊन, मग गेज हातात घेतात.