जनुकसंचाची मालकी : सार्वजनिक व खाजगी

माणसाच्या पेशीतील डीएनएची सुमारे 300 कोटी अक्षरे (म्हणजे जनुकसंच) वाचून झाल्यावर ती सर्वांना खुली असावीत की वाचणाऱ्याच्या ताब्यात राहावीत, याविषयीचा वाद. ग्रामीण विदर्भात तो सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाटेने पोचतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या गावांत शिबिरात रक्त घेतात आणि ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (रुग्ण) पॅटर्न ते सांगतात. हा दोष अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदलल्याने होतो. शिबिरात तपासतात ते हिमोग्लोबिन. जनुकसंच वाचला जात नाही. तोच नमुना संशोधनासाठी ठेवला, की मालकीचा प्रश्न उभा राहतो.

मानवी जनुकसंच प्रकल्प 1990 मध्ये सार्वजनिक पैशावर सुरू झाला. 1996 मध्ये बर्म्युडा येथे ठरले, की वाचलेला क्रम 24 तासांत खुला करायचा. 1998 मध्ये क्रेग व्हेंटर यांची सेलेरा कंपनी उतरली. माहिती वर्गणीदारांना विकणे हा तिचा धंदा, आणि सार्वजनिक प्रकल्पाचा फुकट क्रम तीही वापरत होती. 26 जून 2000 रोजी दोघांनी कच्चा मसुदा एकत्र जाहीर केला. स्तनकर्करोगाशी निगडित जनुकांवर मिरियड कंपनीने पेटंट घेतले होते. निसर्गातला डीएनए हा शोध नव्हे, म्हणून त्यावर पेटंट नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 13 जून 2013 रोजी दिला. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिरूप डीएनएवर पेटंट घेण्याची मुभा मात्र राहिली.

भारतात सुमारे 10,000 व्यक्तींचे जनुकसंच ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात वाचले गेले. ही माहिती फरिदाबादच्या केंद्रात असून जानेवारी 2025 पासून संशोधकांना अर्ज करून मिळते.

पूर्व विदर्भात मालकी सरकारी आणि खाजगी अशा दोनच खणांत कधी मावली नाही. 1951 मध्ये मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली, मालगुजारांचे तलाव (लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’) सरकारजमा झाले, तरी जंगल-पाण्यावरचा गावाचा निस्तार हक्क (रोजच्या गरजेपुरत्या वापराचा परंपरागत हक्क) लोक विसरले नाहीत. जनुकीय माहितीही अशीच सामायिक आहे : एकाने सही केली तरी भावाबहिणींचे, चुलत्यांचे गुपित उघडे पडते, आणि माडिया आदिवासींसारख्या लहान समाजात नाव खोडून फारसे काही लपत नाही. वैयक्तिक संमतीसोबत समाजालाही विश्वासात घ्यावे, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात; पण तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे.

कायद्याची कुंपणरेषा विचित्र आहे. जंगलातील औषधी वनस्पतीच्या व्यापारी वापरातून लाभाचा वाटा देण्याची तरतूद जैवविविधता कायदा, 2002 मध्ये आहे. त्यातील जैविक संसाधनांच्या व्याख्येतून मानवी जनुकीय सामग्री मात्र वगळली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. रक्ताच्या नळीसाठी असा परवाना कुठल्याही ग्रामसभेकडे मागावा लागत नाही.