ईएन-२४ पोलाद

निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले, भारी ताण सोसणारे मिश्र पोलाद. ‘ईएन’ हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मानकाच्या यादीतून आले. ब्रिटनने १९७० च्या दशकात या पोलादाला ८१७एम४० असा नवा क्रमांक दिला, पण जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आजही ‘एन चोवीस’च मागितले जाते. अमेरिकी ४३४० हा याचा जवळचा भाऊ. त्यात निकेल थोडे जास्त आणि क्रोमियम थोडे कमी असते.

यात कार्बन सुमारे ०.४ टक्के, निकेल दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १ ते १.४ टक्के आणि मॉलिब्डेनम पाव टक्क्याच्या आगेमागे असते. निकेलमुळे चिवटपणा येतो. क्रोमियम व मॉलिब्डेनम कडकपणा नगाच्या गाभ्यापर्यंत पोचवतात, म्हणून जाड शाफ्टला हेच पोलाद निवडतात. एवढ्याशा क्रोमियमने ते स्टेनलेस मात्र होत नाही. पावसाळ्यात उघड्यावर टाकले की गंजतेच.

खरी करामत भट्टीत होते. नग ८२० ते ८५० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवतात आणि मग साधारण ५०० ते ६६० अंशांवर टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवतात. लोहार विळ्याला ‘पाणी पाजतो’ म्हणतात. इथे पाण्याऐवजी तेल, कारण पाण्यात या पोलादाला तडे जाण्याचा धोका असतो. तेल कोमटच लागते, त्यामुळे भुसावळच्या मे महिन्याचा त्याला फारसा त्रास नाही. जाड नगात ताणबल, म्हणजे ओढून तुटण्याआधी सोसता येणारा कमाल ताण, ८५० ते १००० मेगापास्कल मिळते. २९ मिमीपर्यंतच्या बारीक नगात टेंपरचे तापमान बरेच खाली ठेवून ते १५५० पर्यंत नेता येते, मात्र तेव्हा चिवटपणा घटतो. साध्या बांधकामी पोलादाचे ताणबल ४१० च्या आसपास असते. टेंपर २५० ते ३७५ अंशांच्या पट्ट्यात केले तर नग ठिसूळ होतो, म्हणून तो पट्टा टाळतात.

‘एन चोवीस टाकला की शाफ्ट वाकणार नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. सर्व पोलादांची ताठरता, म्हणजे लवण्याला होणारा विरोध, जवळपास सारखीच, सुमारे २०० गिगापास्कल असते. तेवढ्याच भाराखाली एन चोवीसचा शाफ्टही साध्या शाफ्टइतकाच लवतो. फरक इतकाच की भार उतरल्यावर तो सरळ होतो, साधा बाकदार राहू शकतो. लवणे कमी करायचे तर व्यास वाढवावा लागतो. आणि बार बाजारातून नरम अवस्थेत आणून, लेथवर कातून, भट्टीत न घालता तसाच बसवला, तर जादा पैशांतले बरेचसे वाया जातात.

गिअर, गिअरबॉक्सचे शाफ्ट, स्पिंडल आणि भारी बोल्ट हे याचे नेहमीचे उपयोग. खानदेशात जिनिंग, डाळ मिल, उसाचे चरक आणि ट्रॅक्टरची अवजारे यांच्या दुरुस्तीत ते लागते. कापसाच्या ऐन हंगामात तुटलेला शाफ्ट साध्या रॉडने वेल्ड करून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. मग तो वेल्डच्या अगदी शेजारी, करकरीत कडक झालेल्या पट्ट्यात पुन्हा तुटतो. वेल्ड करणे भागच असेल, तर नग दोन-तीनशे अंशांना तापवून, कोरडा लो-हायड्रोजन (वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा) रॉड वापरून, नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड करतात. भुसावळमुळे रेल्वेचे नाव इथे हमखास निघते, पण डब्यांचे आस सामान्यतः साध्या मध्यम-कार्बन पोलादाचे असतात.

ओळख पटवणे अवघड. ५० मिमी व्यासाच्या बारचे वजन मीटरला सुमारे १५.४ किलो, म्हणजे साध्या लोखंडाएवढेच; लोहचुंबकही दोन्हीला सारखाच चिकटतो. दुकानदार बारच्या एका टोकाला रंग लावून ठेवतो. घाईत कोणी तेच टोक कापून नेले, की उरलेला बार रॅकवर बेवारस पडतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाला कोणत्याही नावाने खपू शकतो.