शटर मधूनच का वाकतं?

दुकानफोडीच्या बातम्या ठरलेल्या असतात: 'मध्यरात्रीच्या सुमारास शटर उचकटून अज्ञात चोरट्यांनी...' सोबतच्या फोटोत पुष्कळदा दोन्ही टोकांची कुलपं शाबूत दिसतात. शटर मात्र मधोमध वर आलेलं, आणि खाली माणूस सरपटत आत जाईल एवढी फट.

यंत्रशास्त्राच्या नजरेने शटरची खालची पट्टी म्हणजे दोन टोकांना धरलेली तुळई. तिच्या मधोमध जोर लावला तर ती किती वाकेल, हे दोन आधारांमधल्या अंतराच्या घनावर अवलंबून असतं. अंतर दुप्पट झालं की वाक आठपट होतो. चोर कटावणी किंवा गाडीचा जॅक नेमका मध्यावर लावतो, तो त्यामुळेच. पण हेच गणित दुकानदाराच्याही कामी येतं. दहा फुटी शटरच्या मध्यावर जमिनीतल्या कडीला तिसरं कुलूप लावलं, की पाच-पाच फुटांचे दोन भाग होतात. जेवढ्या जोरात आधी आठ इंच फट पडत होती, तेवढ्याच जोरात आता जेमतेम एक इंच पडेल. खरं शटर पातळ पट्ट्यांचं असतं, पुस्तकातल्या तुळईसारखं एकसंध नव्हे, त्यामुळे हिशोब तंतोतंत आठाचा येणार नाही. तरीही हजारो रुपयांच्या कॅमेऱ्याआधी हे मधलं कुलूप बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त जमिनीतली कडी काँक्रीटमध्ये खोल गाडलेली हवी; नुसत्या लादीला स्क्रूने बसवलेली कडी लादीसकट उपटून येते. पावसाळ्यात त्या कुलपात चिखल जातो, ते अधूनमधून साफ करावं लागतं, एवढा त्रास आहे खरा.

मागच्या दाराच्या कडी-कोयंड्याचंही तसंच. कुलूप भारी, पण कोयंडा लाकडात अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर. आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूने आवळला, की ताण सगळ्या फळीवर पसरतो.

आता कॅमेरा. एकच कॅमेरा, छताजवळ, सगळं दुकान दिसेल असा; बहुतेक ठिकाणी हीच पद्धत. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १,९२० पिक्सेल असतात. त्यात दहा मीटर रुंदीचा भाग मावला, तर एका मीटरच्या वाट्याला १९२ पिक्सेल येतात आणि पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंद चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम तीस. सीसीटीव्हीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरला २५० पिक्सेल लागतात. म्हणजे चोर दिसतो, कोण ते कळत नाही. तोच कॅमेरा खाली आणून फक्त दाराच्या दोन मीटर रुंदीवर रोखला, तर मीटरला ९६० पिक्सेल मिळतात. त्याच पैशात. दाराबाहेर लख्ख ऊन असेल तर मात्र आत येणाऱ्याची नुसती काळी आकृती दिसते. अशा वेळी कॅमेरा जरा तिरका लावावा.

हालचाल टिपून दिवा किंवा भोंगा चालू करणारे पीआयआर सेन्सर काहीशे रुपयांत मिळतात. आपलं शरीर सतत अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता, सोडत असतं, त्यांची तरंगलांबी साधारण नऊ-दहा मायक्रोमीटर. सेन्सरमध्ये या उष्णतेला प्रतिसाद देणारे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी खोली एकसारखी तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात. माणूस एकाच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात गेला, तरच फरक उमटतो. म्हणून चोर सरळ अंगावर चालत येईल असा नव्हे, तर समोरून आडवा जाईल असा सेन्सर बसवायचा. काचेआड ठेवायचा नाही, कारण खिडकीची साधी काच हे किरण अडवते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामाच्या भिंती माणसाच्या कातडीइतक्या गरम असू शकतात, तेव्हा स्वस्त सेन्सरला माणूस आणि भिंत यांतला फरकच कळेनासा होतो. अशा जागी दाराला चुंबकाचा स्विच बरा: काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या, चुंबक जवळ असेपर्यंत चिकटलेल्या. दार उघडलं, चुंबक लांब गेला, पात्या सुटल्या, भोंगा वाजला. त्याला उन्हाळ्याशी काही देणंघेणं नाही.

आणि कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवू नका. चोर जाताना तोही उचलून नेतात.