वेगातली शिल्लक: सुट्या भागांतून संगणक जुळवण्याची पार्श्वभूमी

मडगाव, पणजी किंवा म्हापशातल्या संगणकाच्या दुकानात आज सुट्या भागांचे कोटेशन मागितले, तर एकाच पिढीतल्या दोन इंटेल प्रोसेसरांच्या किमतींत काही हजार रुपयांचा फरक दिसतो, आणि त्यांच्या नावांत बहुधा शेवटच्या ‘के’ या एका अक्षराचाच फरक असतो. ‘के’ असलेल्या प्रोसेसरचा वेग मालकाला कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपुढे नेता येतो, नसलेल्याचा जवळजवळ येत नाही. आज ज्या मुभेसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, ती एके काळी प्रत्येक यंत्रात आपसूक मिळत असे. ती कशी गेली, कोणाकडे गेली आणि आता तिच्यासाठी पैसे मोजावेत की नाही, हे समजून घेण्यासाठी चाळीसएक वर्षे मागे जावे लागते.

मुळात ही मुभा निर्माण होते ती चिप बनवण्याच्या पद्धतीतून. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो चिपा तयार होतात, पण त्या सगळ्या सारख्या निपजत नाहीत. काही जास्त वेग सहज पेलतात, काही त्याच वेगाला चुका करू लागतात. कारखाना त्यांची चाचणी करून प्रतवारी लावतो आणि वाईटात वाईट परिस्थितीतही, म्हणजे कोंदट कॅबिनेटमध्ये, जुनी झाल्यावर, वीज थोडी कमी-जास्त झाली तरी, चिप चालेल असा वेग तिच्यावर छापतो. छापलेला वेग आणि प्रत्यक्ष झेपणारा वेग यांच्यामध्ये जे अंतर राहते, त्याला मी या टिपणात शिल्लक म्हणणार आहे. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर वापरणे.

सुटे भाग निवडता येणे ही गोष्ट १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आलेल्या आयबीएमच्या पीसीपासून रुळली. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर, जोडकार्डांसाठी पाच खाचा होत्या, आणि कंपनीने यंत्राचे तांत्रिक तपशील, अगदी बायॉसच्या (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) संहितेसह, छापून प्रसिद्ध केले होते. बाहेरच्या कोणालाही त्यासाठी कार्ड बनवता यावे हा त्यामागचा उद्देश. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅकने आयबीएमची संहिता न उचलता तिच्यासारखेच वागणारे बायॉस नव्याने लिहून जुळणारे यंत्र जाहीर केले आणि १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने तसे बायॉस इतर उत्पादकांना विकायला काढले. त्यानंतर पीसी ही एका कंपनीची वस्तू उरली नाही. मदरबोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचे, अशी जुळवणी शक्य झाली आणि तीच आजही चालते.

त्याच १९८४ साली आयबीएमने पीसी-एटी आणला. त्यातला ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत असे आणि तो वेग बोर्डावर ठोके देणाऱ्या १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाचा वेग दोनाने भागून येत असे. हा स्फटिक बोर्डावर सहज बदलता येई. लोकांनी तो काढून १६ मेगाहर्ट्झचा लावला आणि किरकोळ खर्चात यंत्र ८ मेगाहर्ट्झवर चालू लागले. पुढच्या बायॉसमध्ये आयबीएमने वेगाची तपासणी घातली, जेणेकरून ठरलेल्यापेक्षा जास्त वेग आढळला तर यंत्र सुरूच होऊ नये. शिल्लक मालकाने वापरायची आणि उत्पादकाने ती अडवायची, हा झगडा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आणि महाग पोहोचले. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट थोडी मोकळी केली, १९९१ नंतर परवाने सुटले, १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि सुट्या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने खाली आले. पश्चिम भारतासाठी या मालाची पेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. गोव्यातले दुकानदार तिथून माल आणत आणि रात्रीच्या बसने खोकी सकाळी पणजीला उतरत. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाल्यावर आणखी एक सोय झाली. कंपनीच्या शिक्क्याच्या यंत्रापेक्षा ‘असेंबल्ड’ यंत्र बरेच स्वस्त पडे, म्हणून मध्यमवर्गीय घरांत तेच शिरले. पुढे राज्य सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना डेस्कटॉप मिळाले. त्या यंत्रांची कॅबिनेटे उघडून रॅम वाढवताना गोव्यातल्या कितीतरी मुलांनी मदरबोर्ड पहिल्यांदा जवळून पाहिला. वेर्णा औद्योगिक वसाहतीत स्मार्टलिंक कंपनी मदरबोर्ड तयार करीत असे आणि ते डिजिलाइट या नावाने विकले जात, हेही इथे नोंदवून ठेवले पाहिजे, कारण गोव्याचा या क्षेत्राशी संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नव्हता.

नव्वदीच्या दशकात वेग ठरवण्याचे काम मदरबोर्डवरच्या जंपरांकडे होते. १९९२ च्या ४८६डीएक्स२ पासून प्रोसेसरचा आतला वेग हा बसच्या, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या वाहिनीच्या, वेगाला मल्टिप्लायर या आकड्याने गुणून येऊ लागला होता. बस ३३ मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर दोन, म्हणजे प्रोसेसर ६६ वर. जंपरची ती नखाएवढी प्लास्टिकची टोपी एका जोडीवरून उचलून दुसऱ्या जोडीवर बसवली की यंत्र वेगळ्या वेगाने उठत असे. मात्र याच सोयीचा गैरवापरही झाला. काही व्यापारी कमी वेगाच्या चिपेवरचा छाप पुसून त्यावर जास्त वेग छापत आणि ती चढ्या भावाने विकत. बाजारात याला रिमार्क केलेला माल म्हणत. इंटेलने मल्टिप्लायरला कुलूप घातले तेव्हा हे एक मोठे कारण होते, आणि ते खरे होते. पण प्रामाणिक मालकाची मुभाही त्याच कुलपात अडकली.

मल्टिप्लायर बंद झाला तरी बस मोकळी होती, आणि त्यातूनच या छंदाचा सर्वांत गाजलेला प्रोसेसर पुढे आला. २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने सेलेरॉन ३००ए आणला. त्याआधीच्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश मेमरीच, म्हणजे वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरजवळ ठेवणारी वेगवान मेमरीच, नव्हती आणि त्याची बरीच नाचक्की झाली होती. ३००ए मध्ये १२८ किलोबाइट कॅश चिपेतच कोरलेली होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत असे, तर महागड्या पेंटियम २ ची ५१२ किलोबाइट कॅश वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची होती. ३००ए चा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद, बस ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० वर नेली की साडेचार पट म्हणजे थेट ४५० मेगाहर्ट्झ. त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ ची घाऊक किंमत ६६९ डॉलर होती आणि ३००ए ची १४९. अनेक ३००ए चिपा हा वेग साध्या पंख्यावर पेलत. एखादा मदरबोर्ड १०० ची बस देण्यास नकार देत असेल, तर प्रोसेसरच्या कार्डावरची बी२१ ही एक पट्टी चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने झाकायची. ती झाकली की बोर्ड त्याला १०० चाच प्रोसेसर समजत असे. आबिट कंपनीच्या बीएच६ बोर्डावर तर तेवढेही करावे लागत नव्हते, कारण बायॉसच्या पडद्यावरूनच बस बदलता येत होती. भाग निवडताना बोर्ड कोणता यावर प्रोसेसरइतकाच विचार करण्याची सवय इथून लागली.

२००० साली इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या, सॉकेट ए या प्रकारच्या खोबणीत बसणाऱ्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरांनी आणखी एक वाट दाखवली. चिपेच्या माथ्यावर एल१ नावाचे इवलेसे तांब्याचे पूल होते आणि कुलूप लावण्यासाठी ते कारखान्यात तोडलेले असत. शिसपेन्सिलीचे टोक त्या फटीवरून दोन-चार वेळा फिरवले की ग्राफाइटमधून वीज वाहू लागे आणि मल्टिप्लायर मोकळा होई. हात जरा हलला आणि शेजारचे दोन पूल एकमेकांना चिकटले, तर खोडरबराने पुसून पुन्हा सुरुवात करावी लागे.

वेगाच्या या गोष्टी सांगताना वीज आणि हवा यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. गोव्यात राहणाऱ्याला ते परवडत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. २००० साली पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरला १२ व्होल्टच्या वाहिनीवरून वीज देणारी चार पिनांची वेगळी जोडणी आली. तेव्हापासून एसएमपीएसची, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या पेटीची, खरी ताकद त्या १२ व्होल्टच्या वाहिनीत मोजली पाहिजे. बाहेर ४५० वॅट लिहिलेल्या स्वस्त पेटीच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे १५ अँपिअर लिहिलेले असेल, तर गुणाकार १८० वॅटच होतो. जुने कारागीर एसएमपीएस हातात घेऊन वजन पाहतात ते याचसाठी, कारण आतला ट्रान्सफॉर्मर, कॉइल आणि हीटसिंक यांत कंजुषी केली की पेटी हलकी लागते. माझ्या घरचा असाच एक हलका एसएमपीएस ऑक्टोबरातल्या गडगडाटात गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. तेव्हापासून कोटेशन करताना मी पहिली ओळ एसएमपीएसची लिहितो.

त्याच काळात मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवून तिचा पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे डबे) फुगण्याची साथ जगभर आली होती. सदोष रसायन भरलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एक-दोन वर्षांत डोक्यावर फुगत, फाटत आणि तपकिरी द्रव ओकत. निर्दोष कपॅसिटरलाही उष्णता मारक असतेच. साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. पुढे घन पॉलिमरचे कपॅसिटर रूढ झाले आणि खोक्यांवर त्यांची जाहिरात होऊ लागली. किनारपट्टीवर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. पावसाळ्यात कळंगुट किंवा कोलव्याकडच्या घरातले यंत्र अचानक नुसतेच बीप करू लागले, तर कारागीर आधी रॅम उपसून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासतो, आणि पुष्कळदा तेवढ्याने यंत्र उठते.

उष्णतेनेच २००४ साली संपूर्ण उद्योगाला अडवले. चिपेत खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२ व्होल्टवर ४ गिगाहर्ट्झ चालणारी चिप ४.४ वर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले, तर वेग १० टक्के वाढतो आणि उष्णता सुमारे ३९ टक्के. ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत इंटेलने त्याच वर्षी सोडून दिला. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ थंड आणि कमी वेगाचा येऊनही जास्त काम करू लागला, आणि त्यात शिल्लक भरपूर होती. कोअर २ क्वाड क्यू६६०० हा २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर चांगल्या कूलरखाली ३ च्या वर सहज जाई.

जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढी आली आणि बसची उरलेली वाटही बंद झाली. बाकी सगळ्या भागांचे घड्याळ १०० मेगाहर्ट्झच्या एकाच मूळ ठोक्यावर बांधले गेले, त्यामुळे तो पाच-सात टक्क्यांहून अधिक हलवला की इतर जोडण्या कोलमडत. मल्टिप्लायर मोकळा मिळाला तो फक्त ‘के’ मालिकेला, आणि तोही ठरावीक चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) असलेल्या बोर्डावर. सुरुवातीला सांगितलेला किमतीतला फरक इथून आला. स्वस्त प्रोसेसर घेऊन महागाचे काम काढून घेण्याचा जो मूळ हेतू होता, तो इथे उलटला. आता शिल्लक हवी तर आधी महाग प्रोसेसर आणि महाग बोर्ड घ्यावा लागतो. २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणताना त्या मालिकेतले सगळे डेस्कटॉप प्रोसेसर मोकळे ठेवले, आणि विद्यार्थ्यांच्या अंदाजपत्रकात एएमडी परतला त्यामागे हेही एक कारण आहे.

तोवर शिल्लक मात्र आटत चालली होती, कारण उत्पादक स्वतःच ती वापरू लागले होते. २००८ च्या टर्बो बूस्टपासून प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून आपला वेग आपणच वाढवतो. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत मुद्दामच चढतात. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे आतून खराब होत असल्याचे समोर आले. कंपनीला ऑगस्टमध्ये नवे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, द्यावे लागले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्यांनी बायॉसमधल्या एकाही सेटिंगला हात लावला नव्हता, त्यांचीही यंत्रे त्यात बाधित झाली.

गोव्यात या इतिहासाचा अर्थ हवामानाच्या संदर्भात लावावा लागतो. हवेने किंवा पाण्याने थंड होणारी चिप खोलीपेक्षा कधीच थंड होत नाही. मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असेल, तर परदेशातल्या २१ अंशांच्या खोलीत केलेल्या चाचण्यांतले आकडे इथे १२ अंशांनी वर सरकवून वाचायचे. खोलीपेक्षा खाली थंड करणारी साधने तर इथे धोक्याचीच. पावसाळ्यात आपला दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे त्याहून थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर, सॉकेटच्या पिनांवरसुद्धा, पाणी धरते. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरवर ८.४२९ गिगाहर्ट्झचा गिनेस विक्रम झाला तो द्रवरूप हेलियम ओतून, आणि असे प्रयोग करणारे सॉकेटभोवतीचा भाग बाष्पापासून आधी झाकून घेतात.

म्हणून इथला माझा सल्ला असा की ‘के’ साठी आणि त्याला लागणाऱ्या बोर्डासाठी जाणारे पैसे आधी एसएमपीएस, मोठा एअर कूलर आणि हवा खेळती ठेवणारे जाळीदार तोंडाचे कॅबिनेट यांत घालावेत. रॅमची एक्सएमपी किंवा एक्स्पो ही तयार सेटिंग मात्र बायॉसमध्ये जाऊन जरूर चालू करावी, कारण ती न केल्यास पैसे मोजून घेतलेली वेगवान रॅम कमी वेगावरच चालत राहते. राहिलेली शिल्लक वेगासाठी न वापरता व्होल्टेज उतरवण्यासाठी वापरता येते. बोर्ड आणि प्रोसेसर मुभा देत असतील तर बायॉसमधून व्होल्टेज थोडे थोडे, ०.०२ व्होल्टच्या पायरीने खाली आणायचे, प्रत्येक पायरीवर तासभर पूर्ण भार देऊन पाहायचा, आणि यंत्र अडखळले की एक पायरी वर येऊन थांबायचे. ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद ठेवून करावी. डिसेंबरातल्या रात्री लावलेली सेटिंग शिगम्यापर्यंत टिकते आणि पुढच्या उकाड्यात यंत्र पुन्हा बंद पडू लागते.